८६४ चौरस मिलिमीटरचे मालक

पंख्याच्या पात्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ, पुस्तकांच्या कपाटावर त्याहून जुनी, खिडकीच्या जाळीकडे तर पाहूच नये. आणि अशा घरातला कर्ता पुरुष कॅमेऱ्याच्या पोटात शिरलेला एक कण सापडत नाही म्हणून रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बसलेला. असं दृश्य कुठे दिसलं तर तो गृहस्थ सेन्सरराव समजावा. हे आडनाव नव्हे, ही एक जमात आहे. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही सोसायटीत तिचा निदान एक नमुना सापडतो. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, नोकरी बँकेत नाहीतर संगणकाशी संबंधित, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघायची सवय. भिंत पांढरी आणि सपाट असली तर नजर जरा जास्तच रेंगाळते. त्याचं कारण पुढे येईल.

आमच्या इमारतीतले सेन्सरराव तिसऱ्या मजल्यावर राहतात. फ्लॅट साडेआठशे चौरस फुटांचा. त्याची झाडलोट वहिनी आणि कामाच्या मावशी बघतात. सेन्सररावांकडे फक्त सेन्सर आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. गुणाकार केला तर ८६४ चौरस मिलिमीटर. एवढ्याशा मुलखावर त्यांचा जो कडक अंमल चालतो, त्याच्या शतांशाने एखाद्या महापालिकेने कारभार केला तर लोक घरपट्टी गाणी म्हणत भरतील.

या जमातीत प्रवेश मिळायला एक सहल पुरते. कॅमेरा घेतल्यावर पहिली दोनेक वर्षं माणूस सुखात असतो. मुलांचे वाढदिवस, मोदकांची ताटं, बाल्कनीतली जास्वंद, सगळं काही मोठ्या छिद्रावर, एफ २.८ किंवा ४ वर टिपलेलं. मग एका पावसाळ्यानंतर तो हरिश्चंद्रगडावर जातो. कोकणकड्यावर उभा राहून, कुणीतरी सांगितलंय म्हणून, एफ १६ वर कड्याचा आणि वरच्या निळ्या आभाळाचा फोटो घेतो. घरी येऊन पडद्यावर मोठा करून बघतो, तर आभाळात करडे ठिपके. आधी त्याला त्या घारी वाटतात. पुढच्या फोटोतही घारी त्याच जागी. खाली पाचनईत काढलेल्या शेळीच्या फोटोत, शेळीच्या डोक्यावर, तितक्याच उंचीवर, त्याच घारी. तेव्हा बरोबरचा कुणी जाणता शांतपणे सांगतो, ‘‘सेन्सरवर धूळ आहे.’’ झालं. त्या दिवसापासून त्या माणसाला आभाळ म्हणून दिसत नाही.

खरं तर सेन्सरवर धूळ बसतच नाही. त्याच्या पुढे एक काच असते, धूळ बसते तिच्यावर, आणि फोटोत दिसते ती त्या धुळीची सावली. छिद्र मोठं असलं की प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि सावली विरून जाते. छिद्र बारीक केलं की प्रकाश जवळजवळ सरळ रेषेत येतो आणि सावली उमटते. म्हणून एफ २.८ वर निर्मळ वाटणारा कॅमेरा एफ २२ वर आपलं सगळं पूर्वसंचित दाखवतो. हे मला कसं ठाऊक, असं विचाराल तर आमच्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद असते आणि जिन्यात सेन्सरराव भेटतात.

त्यांच्या वडिलांच्या पिढीला हा जाच नव्हता. क्लिक थ्रीमध्ये रोल घातला की प्रत्येक फोटोला नवी कोरी फिल्म पुढे सरकायची. कण बसलाच तर त्या एका फोटोबरोबर निघून जायचा. डिजिटल कॅमेऱ्यात तीच एक काच जन्मभर पुरवायची. लेन्स बदलली की धूळ आत. झूम मागेपुढे केली की हवेबरोबर धूळ आत. शटरच्या यंत्रणेतलं तेल उडालं तर तेही त्याच काचेवर. निकॉनचा डी ६०० हा कॅमेरा २०१२ साली आला आणि त्यात ठिपक्यांची इतकी बोंब झाली, की पुढे कंपनीला मोफत साफसफाई करून शटर बदलून द्यावं लागलं. सेन्सररावांचा स्वतःचा कॅमेरा वेगळ्याच कंपनीचा आहे, तरी ही हकिकत ते पानिपतच्या बखरीच्या सुरात सांगतात आणि शेवटी दोन क्षण गप्प बसतात.

आता भिंतीचं. धूळ शोधायची रीत अशी, की छिद्र एफ २२, आयएसओ सर्वांत कमी, फोकस मुद्दाम बिघडवलेला, आणि समोर पांढरी भिंत. शटर उघडं असताना कॅमेरा हलवत राहायचा, म्हणजे भिंतीचे स्वतःचे डाग पुसट होतात आणि उरतात ते आपले. सेन्सररावांच्या संगणकात या भिंतीच्या फोटोंचे कप्पे आहेत : ‘भिंत आधी’, ‘भिंत नंतर’, ‘भिंत नंतर अंतिम’ आणि ‘भिंत नंतर अंतिम खरंच’. मुलीच्या दहावीच्या निरोप समारंभाचा एकही फोटो नाही, कारण त्या दिवशी कॅमेरा उघडून ठेवलेला होता. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा वहिनींना सगळीकडे फिकट पिस्ता हवा होता. सेन्सररावांनी हॉलची एक भिंत पांढरी ठेवून घेतली. पाहुण्यांना वाटतं, रंग संपला असावा.

ठिपका भिंतीवर दिसला म्हणजे सेन्सरवर सापडला असं नव्हे. लेन्समधून येणारं चित्र सेन्सरवर उलटं पडतं. कॅमेरा सरळ धरून तोंडाकडून आत पाहिलं तर फोटोतला वरचा ठिपका खाली असतो, पण डावा डावीकडेच राहतो. या ‘पण’ने घरं फोडली आहेत. सेन्सररावांनी पहिले काही महिने वरखाली आणि डावंउजवं दोन्ही उलटं धरून नको त्या कोपऱ्याची चोख सफाई केली. अखेर धाकट्या मुलाने कागदाचा तुकडा घेऊन त्यावर टिंब काढून त्यांना तो उलटा करून दाखवला. मुलगा तेव्हा सहावीत होता. या शोधाचं श्रेय त्याला अजून मिळालेलं नाही.

सामान्य माणूस धुळीला धूळ म्हणतो. सेन्सरराव तिला गावाने ओळखतात. त्यांच्या मते मधला बारीक पुंजका ताडोबाचा. मे महिन्यात उघड्या जिप्सीत बसून, समोरच्या जिप्सीने उडवलेला तो सगळा लाल फुफाटा खात, त्यांनी वाघाची शेपटी टिपली होती. वरचा लांबट धागा भिगवणचा, रोहित पक्ष्यांच्या नादात मफलर गळ्यातच राहिला त्याचा. उजवीकडचा मोठा ठिपका वारीतल्या रिंगणाचा, माउलींच्या अश्वाच्या टापांचा. तो पुसावा की ठेवावा याबद्दल त्यांच्या मनात बरेच दिवस द्वंद्व होतं. आणि जेजुरी! सोमवती अमावास्येला, पालखी निघालेली, हवेत भंडाऱ्याचा पिवळा लोट, अशा वेळी या गृहस्थांनी सदऱ्याच्या आत हात घालून लेन्स बदलली. घरी येऊन त्यांनी तो ठिपका दाखवत ‘‘बघा, पिवळसर आहे’’ असं आठ जणांना सांगितलं. आठांनाही तो करडाच दिसला. त्यांच्या आई तेवढ्या म्हणाल्या, ‘‘देवाचा भंडारा आहे तो. पुसलास तर कपाळाला लाव, केरात टाकू नकोस.’’ सेन्सररावांनी तो खरोखर कपाळाला लावायचा प्रयत्न केला. दिसत नव्हता, पण लावला.

आता विधी. सेन्सररावांची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि कॉलेजात असताना हे तिची टर उडवायचे. आज त्यांचं रविवारचं वेळापत्रक आजीने पाहिलं असतं तर तिने मायेने पाट मांडला असता. दुपारची जेवणं उरकलेली हवीत. फोडणी बारा वाजल्यानंतर घालायची नाही, तेलाची वाफ हवेत तरंगते. पंखा बंद, वैशाख असला तरी बंद. खिडक्या लावलेल्या, सतरंजी उचललेली, मांजर शेजारी. हात कोपरापर्यंत धुवायचे आणि टॉवेलला पुसायचे नाहीत, टॉवेल तंतू सोडतो. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की सुती बनियनही तंतू सोडतं. तेही उतरलं. उघड्याबंब अंगाने, ओले हात वर धरून, ‘‘मला कुणी शिवू नका’’ म्हणत सेन्सरराव हॉलमध्ये आले तेव्हा आईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या लगबगीने आत गेल्या आणि पळी-पंचपात्र घेऊन आल्या. इतक्या वर्षांनी मुलगा संध्येला बसतोय, असा त्यांचा समज झाला आणि तो कुणी मोडला नाही.

पुढचं सगळंही त्याच शिस्तीत. आधी कोरडा उपचार. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करायचं आणि रबरी ब्लोअरने खालून फुंका मारायच्या, म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. नळी आत खुपसायची नाही. एवढ्याने भागलं नाही तर ओला उपचार. त्याच्या काड्या येतात, टोकाला न झडणारं कापड लावलेल्या. फुल फ्रेमला २४ मिलिमीटर रुंद, लहान सेन्सरला १६. कुपीतून काडीवर द्रवाचे दोन थेंब, तिसरा नाही. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सरळ ओढ, काडी उलटी करून कोऱ्या बाजूने परत, आणि संपलं. जिथून गेलो तिथे त्याच बाजूने पुन्हा फिरकायचं नाही. शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा ज्यांनी घातली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज असल्याशिवाय या विधीला बसू नये. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलून, शटर उघडं ठेवून आत हात घालावा लागतो. मधेच बॅटरीने मान टाकली तर शटर मिटतं, आरसा खाली येतो आणि काडी आत. आमच्याकडे हे घडलेलं नाही. मात्र काडी अर्ध्या वाटेवर असताना दाराची बेल वाजली आहे. गॅसचा सिलिंडर आला होता. घरातल्या चार माणसांपैकी एकानेही दार उघडलं नाही, श्वासही सोडला नाही, आणि सिलिंडरवाला ‘दार बंद’ असा शेरा मारून गेला. वहिनींनी पुढचे दोन दिवस इंडक्शनच्या शेगडीवर काढले आणि दोन्ही दिवस मुगाची खिचडी केली. त्यातली एकही वाटी त्यांनी सेन्सररावांना विचारून वाढली नाही.

न्हाणीघराचा प्रयोग याच्या आधीचा. गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडला की वाफेने हवेतली धूळ खाली बसते, मग तिथेच कॅमेरा उघडावा, असा एक उपाय फोटोवाल्यांमध्ये सांगितला जातो. उपाय तसा खोटा नाही. सेन्सररावांनी तो सोमवारी सकाळी पावणेआठला केला, एवढंच. बाहेर मुलाची शाळेची बस, मुलीचं कॉलेज, वहिनींची लोकल, आणि आतून आवाज : ‘‘वाफ खाली बसू दे जरा!’’ वहिनी नवऱ्याला एरवी ‘अहो’ म्हणतात. त्या सकाळी त्यांनी पूर्ण नावाने हाक मारली.

एवढं करून ठिपके जातात का? पहिल्या ओढीनंतर वाढतात. हा या क्षेत्रातला सर्वांत पक्का नियम आहे. काडी कडेला टेकली की तिथलं वंगण उचलून मध्ये आणून ठेवते. द्रव थेंबभर जास्त झाला की वाळताना डाग सोडतो. तीन ठिपक्यांसाठी बसलेला माणूस अकरा ठिपके आणि एक फराटा घेऊन उठतो, नव्हे, उठतच नाही. दुसरी काडी काढतो. काडी एकदाच वापरायची असते आणि तिची किंमत सेन्सरराव बायकोला सांगत नाहीत. मराठी मध्यमवर्गीय मनाला ‘एकदाच वापरून टाका’ हे वाक्य सोसत नाही. त्यामुळे वापरलेल्या काड्या एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात जमा होतात आणि त्यांनी संगणकाचा कीबोर्ड, रिमोटची बटणं आणि गणपतीत समईचे कोपरे साफ होतात. समई इतकी लखलखीत आमच्या इमारतीत कुणाचीच नाही.

त्यांना अडाणी माणसांचा राग येतो तो असा. तळमजल्यावरचे एकजण चष्म्याच्या फडक्याने सेन्सर पुसतात, हे कळल्यावर सेन्सररावांनी त्यांच्याकडचा हळदीकुंकवाचा तिळगूळ खाल्ला नाही. तोंडाने फुंकर मारणाऱ्याला ते कॅमेऱ्यात थुंकणारा म्हणतात आणि ते खोटंही नाही. डब्यातली दाबाची हवा मारणाऱ्याचं तर ते नावच घेत नाहीत, कारण तिच्यातून द्रव उडून काचेवर बसतो. कान कोरायच्या काडीचा उल्लेख त्यांच्यासमोर करू नये. नवशिक्यांचा एक गट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा काळा कण बघून घाबरतो. तो कण फोटोत येतच नाही. पण ती माणसं आरसा पुसायला जातात आणि त्याचा वरचाच नाजूक मुलामा ओरबाडून घेतात. अशांना सेन्सरराव आधी रागावतात, मग बसवून घेतात, मग चहा देतात. चहा होईपर्यंत पंखाही लावतात.

गंमत अशी, की कॅमेरा आपली धूळ आपणच झटकायला शिकला त्याला वीस वर्षं उलटून गेली. ऑलिम्पसने २००३ साली ई-१ या कॅमेऱ्यात ही युक्ती आणली : पुढची काच इतक्या वेगाने थरथरवायची, की कण खाली गळून पडावेत. पुढे इतरांनीही आपापल्या रीतीने ती उचलली. सेन्सररावांच्या कॅमेऱ्यातही ती आहे. चालू करताना आणि बंद करताना तो आपोआप अंग झटकतो. सेन्सरराव त्याला कान लावून बसतात आणि म्हणतात, ‘‘मनापासून करत नाही.’’ चिकटलेला, दमट हवेत घट्ट बसलेला कण त्या थरथरीने निघत नाही, इथपर्यंत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. बाकीचं मानापमानाचं आहे.

संगणकावर ठिपका अर्ध्या मिनिटात पुसता येतो, हे त्यांना एकदा मी सुचवून पाहिलं. ‘‘ती फसवणूक झाली,’’ ते म्हणाले. त्यांच्या मेहुण्याच्या लग्नातल्या फोटोतून मंडपाच्या वायरी, एक पाण्याचा ड्रम आणि डाव्या कडेचे एक काका त्यांनी स्वतः पुसलेले आहेत, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. काकांचा विषय त्या घरात नाजूक आहे.

सगळ्यात जास्त आनंद त्यांना ‘भिंत नंतर अंतिम खरंच’ मधला एखादा निष्कलंक फोटो मिळतो तेव्हा होतो. तो ते कौटुंबिक ग्रुपवर टाकतात. म्हणजे एक संपूर्ण करडा आयत. व्हॉट्सॲप तो आधीच पिळून बारीक करतं, तेव्हा त्यात ठिपके असते तरी कुणाला दिसले नसते. साताऱ्याची आत्या लगेच लिहिते, ‘खूप सुंदर! महाबळेश्वर का?’ अकोल्याचे मामा हात जोडतात. अमेरिकेतला पुतण्या विचारतो, ‘काका, फोटो लोड होत नाहीये, परत पाठवाल का?’ सेन्सरराव परत पाठवतात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. २०२० साली सगळं जग हात धुऊ लागलं, दाराच्या कड्या पुसू लागलं, दुरूनच बोलू लागलं, तेव्हा आमच्या इमारतीत एकटे सेन्सरराव शांत होते. साबण किती वेळ चोळायचा, ओले हात कुठे टेकवायचे नाहीत, कुठली बाजू स्वच्छ आणि कुठली दूषित, हे त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना शिकवलं. चष्म्याच्या फडक्यावाल्यांनासुद्धा.

त्यांचे फोटो कसे असतात, हे तुम्ही विचारणारच. पक्ष्यांचे बरे असतात, माणसांचे चांगले असतात. दोन्ही मोठ्या छिद्रावर काढलेले, म्हणजे ज्यांत धूळ दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही असे. एफ १६ वरचा कोकणकडा त्यांनी त्या पहिल्या खेपेनंतर पुन्हा काढलेला नाही. जायचं दर वर्षी ठरतं. पण कड्यावर वारा फार असतो, आणि वाऱ्यात लेन्स बदलावी लागली तर? फार तर एकच लेन्स न्या, असं मी म्हटलं. ते विचारात पडले. अजून पडलेले आहेत.

म्हणून माझं मत विचाराल तर ते असं : तुमच्या आभाळात घारी दिसू लागल्या तर आधी ब्लोअर आणा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून चार फुंका मारा आणि फोटो काढायला बाहेर पडा. बहुतेकांचं एवढ्यात भागतं. नाहीच भागलं तर कॅमेरा घेऊन खुशाल आमच्या तिसऱ्या मजल्यावर या. सेन्सररावांचा हात स्थिर आहे, काड्या त्यांच्या स्वतःच्या असतात आणि ते एक पैसा घेत नाहीत. रविवारी दुपारी दीडनंतर या, लोकरीचं काही घालू नका, आणि बॅटरी तेवढी पूर्ण चार्ज करून आणा.